म्हैसमाळच्या पायथ्याशी: मामा, मी आणि झेन शिबिर

१४ जानेवारी, विद्यापीठ गेट

माझे मामा दरवर्षी नामविस्तार दिनाला नांदेडहून रात्रीच्या गाडीने निघतात आणि पहाटे छत्रपती संभाजीनगरला उतरून थेट विद्यापीठ गेटवर जातात. यंदा मीही सोबत होते. त्याच संध्याकाळी म्हैसमाळच्या पायथ्याला एका शेतावर झेन ध्यानाचं, म्हणजे चीन-जपानकडे वाढलेल्या बौद्ध ध्यानपद्धतीचं, शिबिर सुरू होणार होतं. मामांचं नाव मी त्यांना विचारूनच दिलं होतं. "नुसतं बसून काय व्हायलंय माय?" एवढंच म्हणाले, पण नको म्हणाले नाहीत.

गेटवर पोचलो तेव्हा थंडी मी म्हणत होती. निळे झेंडे, भीमगीतं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, कडेवर झोपलेली लेकरं आणि पुस्तकांचे स्टॉल. या गर्दीत खाण्याच्या गाड्यांइतकीच झुंबड पुस्तकांवर असते, हे मला फार आवडतं. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि नाव लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात वस्त्या जळाल्या, माणसं मेली, पोरं तुरुंगात गेली. नामांतरासाठी निघालेल्या १९७९ च्या लाँग मार्चच्या वेळी मामा कॉलेजात होते. गेटसमोर ते बराच वेळ नुसते उभे राहिले. कोणी हाक मारली तरी मान हलवायची, बोलायचं नाही. मीही शेजारी उभी राहिले.

दुपारी नागसेनवनातून चक्कर मारली. मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलं आणि नाव दिलं ते भन्ते नागसेनांना प्रश्नांवर प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचं. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचं त्या परिसराला, हे मामांनी चालता चालता सांगितलं. पुढे शिबिरात मला ते सारखं आठवत राहिलं.

वेळ होता म्हणून विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्याही पाहून घेतल्या. अजिंठा-वेरूळच्या धावपळीत लोक या लेण्या गाळतात. गाळू नका. तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष कोरलेत, जवळजवळ आपल्याएवढ्या आकाराचे. बायकांचे केस, गळ्यातले दागिने, जोडलेले हात सगळं स्पष्ट दिसतं. त्यांचे चेहरे मागणाऱ्यांचे वाटत नाहीत, ऐकणाऱ्यांचे वाटतात. लेण्यांचे दोन मुख्य गट एकमेकांपासून लांब आहेत, तेव्हा रिक्षा थांबवून ठेवा. पायऱ्या दमवतात, पाणी सोबत हवंच.

संध्याकाळ, शेतावर

खुलताबाद ओलांडून शेतावर पोचेपर्यंत अंधार पडला. पत्र्याचा एक लांब हॉल, शेजारी विहीर, मागे तुरीचं रान. फोन पेटीत जमा. आम्ही पंचवीस-तीस जण असू. जालन्याकडचे सोयाबीनवाले शेतकरी, एसटीतले एक वाहक, घाटी रुग्णालयातल्या एक सिस्टर, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या दोघी मुली आणि एका गावच्या विहाराचे भन्तेजी. भन्तेजी शिकवायला नव्हे, आमच्यासारखेच बसायला आले होते.

शिकवणारे सर निवृत्त शिक्षक. कोडाईकनालजवळ पेरुमलमलईला बोधी झेंदो म्हणून केंद्र आहे, तिथे ते शिकले. फादर अमा सामी या जेझुइट धर्मगुरूंनी ते उभं केलं. फादर स्वतः जपानमधल्या कामाकुराचे झेन गुरू यामादा कोउन यांचे शिष्य. तमिळ ख्रिस्ती फादर, त्यांचे जपानी गुरू आणि त्या वाटेने शिकून आलेला आमच्याकडचा बौद्ध मास्तर! पहिल्याच बैठकीत कोणीतरी म्हणालं, "म्हणजे आपलंच आपल्याकडं परत आलं की." सर म्हणाले, "झेनचे पहिले गुरू बोधिधर्म इथून चीनला गेले असं परंपरा सांगते. पण पुढं चीनच्या शेतात आणि जपानच्या स्वयंपाकघरात त्यात जे पडलं, ते त्यांचं आहे. त्यांचं त्यांना देऊ, मग शिकू." मला हा माणूस तिथेच पटला.

जेवणात ज्वारीची भाकरी, येसरची आमटी आणि जवसाची चटणी होती. संक्रांत म्हणून तीळगूळही मिळाला.

गुरुवार, भिंतीकडे तोंड

पहाटे साडेचारला लाकडी फळीवर ठोके पडले. झेन मठांत अशी फळी टांगलेली असते आणि जन्ममरणाचा प्रश्न मोठा आहे, वेळ वाया घालवू नका, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. इथे सुताराकडून सागाची फळी करून घेतली होती आणि तेच वाक्य मराठीत रंगवलं होतं.

बसण्याची रीत सरांनी फार बारकाईने शिकवली. खाली चौघडी वाकळ, तिच्यावर गोल उशी. जपानात तिला झाफू म्हणतात. इथल्या उशा मावशींनी जुन्या लुगड्यांच्या शिवल्या होत्या आणि त्यांत मुगाची टरफलं भरली होती. कापूस भरला की दोन दिवसांत दबतो, टरफलं दबत नाहीत. उशीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसायचं, म्हणजे कंबर आपोआप पुढे येते आणि गुडघे जमिनीला टेकतात. ज्यांचे टेकत नाहीत त्यांनी गुडघ्याखाली घडी घ्यायची. पाठ सरळ, हनुवटी किंचित आत. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवून दोन-तीन हात पुढे खाली पाहायचं. उजव्या हाताच्या पंजावर डावा, आणि अंगठ्यांची टोकं एकमेकांना जेमतेम लागलेली. सर म्हणाले, अंगठ्यांचा डोंगर होता कामा नये आणि दरीही होता कामा नये. मनाची खबर अंगठेच देतात. विचारात वाहून गेलं की ते गळून पडतात, ईर्षेने बसलं की वर चढतात. हे अगदी खरं निघालं.

मग एक ते दहा श्वास मोजायचे. सोडलेल्या श्वासाला एक, पुढच्याला दोन. चुकलं की पुन्हा एक. घंटेचे तीन टोल पडले की बैठक सुरू, एक पडला की संपली. बैठक पंचवीस मिनिटांची. मध्ये छातीशी हात धरून हळूहळू चालायचं, श्वासाला अर्धं पाऊल. त्याला किनहिन म्हणतात.

मी चारपर्यंत पोचायचे आणि ऑफिसातल्या कर्जाच्या फायली डोळ्यांसमोर यायच्या. घरी मोबाइलवर ऐकून बसायचे तेव्हा अशा वेळी सरळ उठून चहा टाकायचे. इथे उठले नाही, त्याचं कारण माझा निर्धार नाही. डावीकडे सिस्टर होत्या, उजवीकडे ती परीक्षेवाली मुलगी. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. पण मांडीला मुंग्या आल्या तेव्हा शेजारणीचा श्वास ऐकू येत होता आणि तिच्याही मांडीला आल्या असणार हे कळत होतं. ती हलली नाही, मी हलले नाही. माझ्यामुळे तिला बसता आलं आणि तिच्यामुळे मला, असं मी संध्याकाळी तिला म्हणाले, तर ती म्हणाली, "ताई, मी तर तुमच्याकडं बघूनच टिकले." बुद्ध आणि धम्म यांच्या जोडीने संघाला शरण जायचं, हे लहानपणापासून म्हणत आले. त्यातली तिसरी ओळ मला या हॉलमध्ये उमगली.

मामांनी पहिल्या दोन बैठका खाली केल्या आणि नंतर सरळ खुर्ची घेतली. जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. गुडघा किंवा कंबर दुखत असेल तर खुर्ची मागायला लाजू नका, पाय मात्र जमिनीला टेकायला हवेत. कपडे सैल न्या, जीन्स नकोच. जानेवारीत पहाटेसाठी स्वेटर, कानटोपी आणि जाड मोजे हवेतच. आणि मन फार खचलेलं असेल, औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि शिकवणाऱ्यांनाही सांगा. दिवसभराचं मौन सगळ्यांना मानवतंच असं नाही. सरांनीही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

शुक्रवार, काम आणि प्रश्न

सकाळच्या बैठकांनंतर श्रमाचा तास असायचा. मला तूर निवडायला बसवलं, मामांना बांधावरचे ढासळलेले दगड रचायला. मामा खुलले. भिंतीकडे तोंड करून अवघडलेला माणूस दगड हातात आल्यावर असा काही रमला की घंटा झाली तरी हातातला दगड बसवूनच उठला.

स्वयंपाकघरातल्या मावशींचा मान मोठा. सरांनी सांगितलं, तेराव्या शतकात डोगेन नावाच्या जपानी गुरूंनी मठातल्या स्वयंपाक्यासाठी १२३७ मध्ये स्वतंत्र लेखन केलं. तांदूळ धुताना दाणा वाया जाऊ नये, मठाच्या वस्तू आपल्या डोळ्यांइतक्या जपाव्यात, असं त्यात आहे. मावशी म्हणाल्या, "हे आमच्या सासूबाईनं बी सांगितलं होतं." त्यांचं भाकरी थापणं मी जवळून पाहिलं. परातीत गोळा फिरतो, कडेने बोटं चालतात, मधला भाग तळव्याने दबतो आणि भाकरी तव्यावर जाईपर्यंत नजर एकदाही दुसरीकडे वळत नाही. वरून पाण्याचा हात फिरला की त्यांचा श्वास सुटायचा. त्या हॉलमध्ये कधीच बसत नाहीत, हे मला आधी खटकलं होतं. दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना आळीपाळीने भाकऱ्यांना लावलं आणि मावशींना पहिल्या ओळीत बसवलं. आमच्या भाकऱ्यांचे काठ फाटले, पण सगळ्यांनी त्या खाल्ल्या.

त्याच जेवणानंतर सरांनी बाइझांग यांची गोष्ट सांगितली. चीनमधले हे गुरू म्हातारपणीही शेतात राबायचे. शिष्यांना दया आली, त्यांनी अवजारं लपवली. गुरू त्या दिवशी जेवले नाहीत. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही, एवढंच म्हणाले. शिष्यांनी अवजारं परत केली. मामा म्हणाले, "हा माणूस आपला."

संध्याकाळच्या प्रश्नोत्तरांत मामा उठले. गेले दोन दिवस त्यांच्या मनात होतं ते त्यांनी सरळ विचारलं, "सर, आम्ही भिंतीकडं तोंड करून बसलो असतो तर विद्यापीठाला नाव लागलं असतं का?"

हॉल एकदम शांत झाला. भन्तेजींनीही मान वर केली. सर लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, "नसतं लागलं." आणि त्यांनी व्हिएतनामचे झेन भिक्खू थिक न्यात हान्ह यांच्याविषयी सांगितलं. गावांवर बॉम्ब पडत होते तेव्हा मठात बसायचं की बाहेर जायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ते आणि त्यांचे तरुण सहकारी गावांत गेले, घरं उभी केली, शाळा चालवल्या, आणि बसणंही सोडलं नाही. १९६६ मध्ये ते युद्धाविरुद्ध बोलायला अमेरिकेत गेले आणि त्यांना मायदेशी परतता येईना. पाऊल ठेवता आलं ते थेट २००५ मध्ये. १९६७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. "मोर्चाच्या ऐवजी बसा असं मी कोणालाच सांगणार नाही," सर म्हणाले. "मोर्चातून घरी आलेल्या माणसाला रात्री झोप येते का, ते मला विचारायचंय."

मामा खाली बसले. रात्री अंगणात म्हणाले, "अर्धं पटलं." मला मात्र पूर्ण पटलं. मोर्चातले दिवस मामा सांगतात, पण नंतरच्या रात्रींविषयी आमच्या घरात कोणी कधी विचारलेलं नाही. मामींना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

शनिवार, हुरडा आणि सप्ताह

थिक न्यात हान्ह यांनी १९८२ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज हा आश्रम सुरू केला. तिथली एक रीत सरांनी उचलली आहे. अधूनमधून घंटा वाजते आणि ती ऐकली की हातातलं काम थांबवून तीन श्वास घ्यायचे. झाडणारा केरसुणी धरून थांबतो, चिरणारी विळीवर थांबते. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं, तिसऱ्या दिवशी आपण वाट पाहू लागतो.

दुपारी हुरडा. शेजारच्या शेतकऱ्याने गुळभेंडीची कणसं दिली होती. बांधाला आगटी पेटवली आणि मौनातच गोल करून बसलो. कणीस राखेतून निघालं की तळहातावर घेऊन चोळायचं. हाताला चटका बसतो, हिरवे दाणे सुटतात, फुंकर मारली की कोंडा उडतो. एका वेळी चिमूटभरच तोंडात टाका, तो संपेपर्यंत दुसरी घेऊ नका, एवढीच सूचना. आयुष्यभर हुरडा गप्पा मारत, शेव-दह्यासोबत खाल्लेला. त्या दुपारी पहिल्यांदा कळलं की दाणा आधी गोड लागतो, मग दुधाळ आणि शेवटी जिभेवर धुराची चव राहते.

त्या रात्री शेवटची लांब बैठक. पहिला टोल पडला आणि पलीकडच्या गावातून भोंगा सुरू झाला. हरिनाम सप्ताह! मृदंग, टाळ आणि बुवांचा खडा आवाज. ओळीत चुळबुळ झाली, कोणी उसासा टाकला. सर फक्त म्हणाले, "आवाज आलाय, येऊ द्या." मी श्वास मोजणं सोडून ऐकत राहिले. अभंगाचे शब्द वाऱ्याने तुटत तुटत येत होते. ठेका मात्र सलग होता, आणि सप्ताहाच्या मांडवात टाळ धरून उभे असलेले लोकही एकमेकांच्या आधारानेच रात्र जागवत होते. माझ्या सगळ्या बैठकांत ही बैठक सर्वांत स्थिर झाली.

सकाळी त्या गावातले दोघे काल्याचं निमंत्रण घेऊन आले. "तुम्ही लोक काय करायलाव हितं?" त्यांनी विचारलं. मामांनीच उत्तर दिलं, "बसायलाव." ते म्हणाले, "मग आमच्याकडं या, आम्ही उभे हाव." मौन सुटलेलं होतं, सगळे मनापासून हसले. वेळेअभावी आम्हाला जाता आलं नाही, पण सर आणि मावशी गेले.

रविवार, वेरूळ

शिबिर संपवून आम्ही काही जण वेरूळला गेलो. १ ते १२ या बौद्ध लेण्या. रविवारी कैलास लेण्यात पाय ठेवायला जागा नसते, पण लोक पाचव्या लेण्याकडे फारसे वळत नाहीत. आम्हाला तेच पाहायचं होतं. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी, कडेला भिक्खूंच्या खोल्या आणि मधोमध दगडात कोरलेले दोन लांब, ठेंगणे बाक, दाराकडून थेट आतपर्यंत समांतर गेलेले. भिक्खू इथे जेवायला बसत की सूत्रपठणाला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण समोरासमोर ओळीने बसत, हे पाहताक्षणी कळतं. असे बाक मुंबईजवळ कान्हेरीच्या अकराव्या लेण्यातही आहेत. या पाचव्या लेण्याला लोकांनी पुढे दिलेलं नाव महारवाडा.

मामांनी ते नाव ऐकलं, दालनाच्या शेवटपर्यंत चालत गेले आणि परत आले. "भिक्खू ओळीनं बसायचे म्हण की हितं," म्हणाले. मग पहारेकऱ्याला विचारून बाकाच्या बाजूला खाली बसले. गुडघा दुखत असूनही खालीच. आम्हीही बसलो. घंटा नव्हती, सहलीची पोरं येत-जात होती, एकाने मामांचा फोटोही काढला. मामा हलले नाहीत.

पुढे दहाव्या लेण्यात, सुतार की झोपडीत, दगडाच्या फासळ्यांखाली आवाज घुमतो. तिथे भन्तेजींनी त्रिसरण म्हटलं. बाराव्याचा तिसरा मजला चढवत असेल तर नक्की चढा, वर रांगेने बसलेले सात बुद्ध आहेत. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. शहरातून वेरूळ साधारण ३० किलोमीटर आहे, मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. सकाळी दार उघडताच पोचलात तर पाचवं लेणं तुम्हाला एकट्याला मिळेल.

परतीच्या एसटीत मामांनी गेटवर घेतलेल्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर काहीतरी लिहिलं आणि मला वाचायला दिलं. 'बसताना जुना राग वर आला तर तो श्वासासारखा सोडून द्यायचा का? तो राग खरा असेल तर?' नांदेडला पोचल्यावर त्यांनी ते पोस्टकार्डावर उतरवून सरांना पाठवलं. आता आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी आम्ही काही जण बसतो. उशा मामींनी शिवल्या, टरफलं मोंढ्यातून आणली. पोस्टकार्ड मिळालं, असा सरांचा फोन आला होता. उत्तराला वेळ लागेल म्हणाले.